मॉडेस्ट कपडे, प्रेम आणि श्रद्धा: पुण्यातल्या कॅथलिक मुली नेहमी विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न आमच्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या विभागाच्या, यूथ ग्रुपमधल्या मुलींचे आहेत. काही कॉलेजला आहेत, काही हिंजवडी-खराडीला नोकरी करतात, काही वसईहून नाहीतर नगर-श्रीरामपूर साइडहून येऊन इथे पीजीत राहतात. मिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना) सुटल्यावर पार्किंगमध्ये विचारतात, रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात, आणि तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून एकदा नीट बसून उत्तरं लिहून काढली. मी सिस्टर नाही, वकील नाही, तुमच्यातलीच मोठी ताई आहे असं समजा. जिथे फादरांना विचारल्याशिवाय चालणार नाही तिथे तसं लिहिलंय.

मिस्सेला काय घालायचं याचा काही लेखी नियम आहे का?

गुडघ्याच्या वर किती इंच, गळा किती खोल, असा मोजून दिलेला नियम नाही. कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकात, परिच्छेद २५२१ ते २५२४ शालीनतेवर आहेत, ते स्वतः वाच, फार मोठे नाहीत. त्यात मापं कुठेच नाहीत, उलट २५२४ मध्ये सरळ म्हटलंय की शालीनतेचं रूप प्रत्येक संस्कृतीत वेगळं असतं. रोमला सेंट पीटर्स बॅसिलिकात जायचं तर खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, आणि हे पुरुषांनाही लागू आहे. मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याकडे सूचना फक्त मुलींना मिळतात आणि शॉर्ट्स घालून मागच्या बाकावर बसलेल्या मुलाला कोणी काही बोलत नाही, ते मला अजिबात पटत नाही.

कपडे घालून नुसतं आरशासमोर उभं राहू नको. गुडघे टेकून बघ, पुढे वाकून बघ, दोन्ही हात वर करून बघ, गाडीवर बसल्यासारखं बसून बघ. मिस्सेत तासभर आपण उठतो, बसतो, गुडघे टेकतो, आणि त्या तासात अर्धं लक्ष टॉप खाली ओढण्यात आणि गळा सावरण्यात गेलं तर प्रार्थना कधी करणार?

जीन्स चालते का?

चालते. धड असलेली जीन्स आणि मांडीपर्यंत येणारा कुर्ता, काहीच प्रॉब्लेम नाही. गुडघ्यावर फाटलेली रविवारी नको इतकंच. सप्टेंबरमध्ये हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला जातो तेव्हा त्या गर्दीत आणि उन्हात जीन्स आणि सुती कुर्त्याइतकं सोयीचं मला तरी दुसरं काही वाटत नाही.

डोक्यावर वेल (डोकं झाकायचं जाळीदार कापड) किंवा ओढणी घ्यायलाच हवी का?

पूर्वी नियम होता. १९१७ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, १२६२ व्या कलमात स्त्रियांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असं होतं, १९८३ ला नवीन कॅनन लॉ आला त्यात ते कलम राहिलं नाही. म्हणजे आता तुझी मर्जी. मराठी मिस्सेला आज्या ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) घ्यायला पुढे जाताना पदर डोक्यावर घेतात, मला ते फार आवडतं, त्यात किती आदर आहे. तुला लेसची वेल घ्यावीशी वाटली तर घे, नाहीतर ओढणी आहेच, आपण पुण्याच्या मुली तशाही स्कूटरवर ती तोंडाला गुंडाळूनच फिरतो. फक्त तू वेल घेतलीस आणि शेजारच्या मुलीनं नाही घेतली म्हणून तिची श्रद्धा कमी असं मनात आणू नको.

मुलांच्या मनात वाईट विचार येऊ नयेत म्हणून आपण अंग झाकायचं, असंच ना?

नाही. आणि या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

मत्तयच्या ५ व्या अध्यायात येशू म्हणतो की जो स्त्रीकडे वासनेनं बघतो त्यानं मनात व्यभिचार केलाच, आणि लगेच पुढच्याच ओवीत उपाय सांगतो तो कोणाला, तर बघणाऱ्याला. तुझा डोळा तुला पापात पाडत असेल तर तो उपटून टाक म्हणतो. बाईला म्हणत नाही की तू घरी बस किंवा अजून एक ओढणी घे. त्यामुळे बसमध्ये कोणी हात लावला, ऑफिसमध्ये कोणी घाणेरडं बोललं, तर पाप त्याचं आहे, तू काय घातलं होतंस हा प्रश्नच चुकीचा आहे आणि तो विचारणारी तुझी स्वतःची मावशी असली तरी चुकीचाच आहे. पंजाबी ड्रेस घालून, ओढणी पिन लावून निघालेल्या मुलींनाही त्रास होतो हे आपल्या सगळ्यांना माहितीये.

मग मॉडेस्ट कपडे कशासाठी? कॅटेकिझम म्हणतं की शालीनता माणसाच्या आतलं जे अगदी खाजगी आहे ते जपते, जे उघडं करायला नको ते उघडं करायला नकार देते. मला हे असं समजलंय की माझं काय, किती आणि कुणाला कळावं हे मी ठरवायचं, रस्त्यावरच्या गर्दीनं नाही, इन्स्टावरच्या ट्रेंडनंही नाही. पुढे प्रेमाचे प्रश्न आहेत तिथेही माझं उत्तर बहुतेक वेळा इथूनच निघेल.

अजून एक. शरीर घाणेरडं आहे म्हणून झाकायचं असं जर तुला लहानपणी कोणी शिकवलं असेल तर ते चर्चचं शिक्षण नाही. संत जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ मध्ये बुधवारच्या सभांमधून वर्षानुवर्षं हाच विषय समजावला, की देवानं शरीर चांगलं बनवलंय, माणसाचं आतलं मन शरीरातूनच दिसतं, आणि शरीर प्रेमात स्वतःला देण्यासाठी आहे, वापरून घेण्यासाठी नाही. त्यांच्या आधी पोप बारावे पायस १९५७ साली फॅशनच्या क्षेत्रातल्या लोकांशी बोलले होते, त्यांनी कपड्यांची तीन कामं सांगितली, आरोग्य, लाज राखणं आणि शोभा. शोभासुद्धा! म्हणजे सुंदर दिसावंसं वाटणं हे पाप नाही, छान रंग निवड, छान कानातलं घाल.

कॉलेजमध्ये सगळे काकूबाई म्हणतात, काय करू?

आधी बघ की कपडे खरंच ढगळ आणि मापात नसलेले आहेत का, कारण बऱ्याचदा मॉडेस्ट म्हणून आपण दोन साइज मोठं घेतो आणि मग ते अंगावर लटकतं. खांद्याची शिवण खांद्यावरच बसायला हवी, बाही कुठे संपते ते नीट दिसायला हवं, रंग तुला शोभणारा हवा, इतकं सांभाळलं की पूर्ण बाहीच्या कुर्त्यातही मुलगी स्मार्टच दिसते. आणि तरीही कोणी म्हणालंच काकूबाई, तर म्हणू दे ग. एक-दोन महिन्यांत कंटाळतात. तुझ्या हसण्यावरून आणि तू लोकांशी कशी वागतेस त्यावरून तुझी ओळख होईल. पण म्हणून तू दुसऱ्या मुलींच्या कपड्यांवर कमेंट करायची नाही, एकदाही नाही. शालीनता जिभेलाही लागते.

बजेट कमी आहे, असे कपडे पुण्यात मिळतात कुठे?

मॉडेस्ट असं लेबल लावून ऑनलाइन जे विकतात ते बहुतेक महाग असतं आणि आपल्या हवेला चालत नाही, एप्रिलमध्ये पॉलिस्टरचा फुल बाहीचा गाऊन घालून बघ म्हणजे कळेल. माझं म्हणणं, कापड घे आणि शिवून घे. लक्ष्मी रोडला आणि रविवार पेठेत कापड भरपूर, लेस-बटणं-लटकन बोहरी आळीत, ओढण्या आणि कानातली तुळशीबागेत. तयार हवं असेल तर कॅम्पात फॅशन स्ट्रीट आहे, मार्च २०२१ च्या आगीत तिथली शेकडो दुकानं जळाली होती, बिचाऱ्यांनी परत उभी केली, तिथे भाव करावा लागतो पण लांब स्कर्ट आणि पलाझो चांगले मिळतात.

टेलरला सांगायच्या गोष्टी लिहून घे, कारण दुकानात गेल्यावर आठवत नाहीत. पातळ कापड असेल तर अस्तर लावा, सुती अस्तर, सिंथेटिक नको. गळा पुढून इतका, मागून इतका, बोटानं दाखवू नको, जुना फिटिंगचा कुर्ता मापाला ने. साइड कट कमरेपासून नको, थोडा खालून सुरू करा. शिवणीत माया सोडा म्हणजे पुढे सैल करता येईल. आणि बाहीला, काखेत, हात वर केला तर कापड ओढलं जाणार नाही इतकी ढील. ट्रायलला गेलीस की तिथेच वाकून, हात वर करून बघ, घरी येऊन नाही.

आईच्या जुन्या साड्या हा तर खजिना आहे. सुती साडीचे दोन कुर्ते आरामात निघतात, खणाचा किंवा इरकलीचा तुकडा योकला लावला तर सणाचा ड्रेस तयार. बाजारातला तयार ब्लाउज किंवा टॉप स्लीव्हलेस असला तर आत बघ, बऱ्याच वेळा बाहीचं कापड वेगळं दिलेलं असतं, ते जोडून घे. एक पांढरी आणि एक स्किन कलरची स्लिप घेऊन ठेव, अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

मेकअप, नेलपेंट, टॅटू?

मेकअप आणि नेलपेंट खुशाल. टॅटूला चर्चची सरसकट बंदी नाही, पण कायमचं असतं ते, विचार करून काढ, आणि बॉयफ्रेंडचं नाव तर नकोच.

लग्नात गाऊनच हवा का? साडी चालेल का? आणि चर्चमध्ये किती झाकलेलं हवं?

साडी चालते, शालू चालतो, गाऊन चालतो. पांढरा रंग हा चर्चचा नियम नाही, रीत आहे. राणी व्हिक्टोरियानं १८४० मध्ये पांढरा ड्रेस घातला आणि तिथून ती फॅशन पसरली. वसईच्या जुन्या लग्नांत नवरी लाल लुगड्यात असायची, ती काही कमी ख्रिस्ती नव्हती. तमिळनाडूत वेलंकनीला तर मरियामातेची मूर्तीच साडी नेसलेली असते, मग साडीत परकं काय आहे. १९६९ मध्ये रोमनं भारतातल्या चर्चला बारा बदलांची परवानगी दिली, मांडी घालून बसणं, आरती, समई वगैरे त्यातूनच आलं, म्हणजे आपल्या मातीतलं घेऊन देवासमोर जायला चर्च शंभर टक्के तयार आहे. मंगळसूत्रात क्रॉस घालून आपल्याकडे कित्येक जणी वापरतात, फादर अंगठ्यांबरोबर तेही आशीर्वादित करून देतात, आधी सांगून ठेव म्हणजे झालं.

गाऊनचं म्हणशील तर बॅकलेस आणि स्ट्रॅपलेस डिझाइन कॅटलॉगमध्ये सुंदर दिसतात पण वेदीसमोर उभी असताना सगळी मंडळी तुझी पाठच बघत असतात, पूर्ण मिस्सा. काही पॅरिशमध्ये नवरीच्या ड्रेसबद्दल सूचना असतात, त्या गाऊनचं कापड कापायच्या आधी विचार, नंतर नाही, कारण ऐन लग्नाच्या आठवड्यात कोणीतरी नेटचा तुकडा शोधत पळतंय हे दर सीझनला बघायला मिळतं. सोपा उपाय म्हणजे त्याच कापडाचं छोटं जॅकेट किंवा अस्तर लावलेली नेटची बाही, चर्चमध्ये घाल, रिसेप्शनला हवं तर काढ. भाड्यानंही छान गाऊन मिळतात, एका दिवसासाठी लाखभर घालवायची गरज नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, २:९ मध्ये, पौल स्त्रियांच्या शालीन कपड्यांबद्दल लिहितो तेव्हा नावं घेतो ती सोनं, मोती आणि महागड्या कपड्यांची. ते वाचून आपल्याकडे फक्त गळ्याची खोली मोजतात आणि बाबांनी काढलेलं कर्ज कोणी मोजत नाही. मला विचारशील तर कर्ज काढून केलेलं लग्न स्लीव्हलेस ब्लाउजपेक्षा जास्त अशालीन आहे.

हळदीला नाच, मजा कर, तिथे चर्चचा काही आक्षेप नाही.

रील्स टाकल्या तर चालतं का?

टाकण्यात पाप नाही. टाकायच्या आधी स्वतःला विचार की लाइक आले नाहीत तर आज रात्री मला वाईट वाटणार आहे का. वाटणार असेल तर दोन दिवस थांब. आणि मिस्सा चालू असताना रील शूट करणं, वेदीसमोर पोझ देणं, हे मात्र प्लीज नको.

बॉयफ्रेंड असणं पाप आहे का?

कोणी आवडणं, त्याच्याशी बोलणं, त्याला ओळखणं यात पाप नाही. आवडतच नसेल तर लग्न कसं होणार? प्रश्न असा आहे की हे कुठे चाललंय ते दोघांनाही माहितीये का. दोन वर्षं चॅटिंग आणि लग्नाचा विषय काढला की तो गप्प, असं असेल तर तू त्याला स्पष्ट विचार, घाबरू नको, उत्तर नाही आलं तरी तेच उत्तर आहे.

संत सेलीचं उदाहरण मला फार आवडतं, लिजोच्या संत तेरेजाची (मदर तेरेसा नव्हे) आई, फ्रान्समधल्या अलांसोंची. ही बाई लेस बनवायची, स्वतःचा धंदा होता, हाताखाली कामगार होते, म्हणजे फॅशनच्या धंद्यातलीच की. पुलावर लुई मार्टिन दिसला, ओळख झाली आणि १८५८ मध्ये लग्न. पुढे तिच्या धंद्यासाठी लुईनं आपलं घड्याळाचं दुकान सोडलं, एकोणिसाव्या शतकातल्या नवऱ्यानं! २०१५ मध्ये दोघांना एकत्र संत घोषित केलं. आणि इटलीची संत जियाना बेरेत्ता मोल्ला, डॉक्टर होती, स्कीइंग करायची, चांगले कपडे घालायची, होणाऱ्या नवऱ्याला प्रेमपत्रं लिहायची, १९५५ मध्ये लग्न झालं. चौथ्या बाळंतपणात बाळ वाचावं म्हणून तिनं स्वतःचा जीव धोक्यात घातला आणि १९६२ मध्ये गेली. २००४ मध्ये तिला संत घोषित केलं तेव्हा नवरा समोर बसलेला होता. संत म्हटलं की कॉन्व्हेंट डोळ्यासमोर येतं, पण पवित्रपणा प्रेमपत्रातही असतो.

भेटायचं कुठे? एम्प्रेस गार्डन, तळजाई, पाषाण तलाव, एफसी रोडवर कॉफी, उजेडात, लोकांत. आणि थोडं कामही एकत्र करा, यूथ ग्रुपमध्ये, पॅरिशच्या कुठल्या सेवेत, कारण तो वेटरशी कसा बोलतो, स्वतःच्या आईशी कसा बोलतो, दमल्यावर कसा चिडतो हे कॅन्डल लावलेल्या टेबलावर कळत नाही.

लग्नाआधी किती जवळ यायचं?

उघड विचारलंस ते बरं केलंस. चर्चचं शिक्षण स्पष्ट आहे, शरीरसंबंध लग्नानंतरच, साखरपुडा झालेल्यांसाठीही (कॅटेकिझम २३५०). मला हे ओझं वाटत नाही. शरीरानं आपण म्हणतो की मी पूर्ण तुझी, आणि हे खरं व्हायला आधी तोंडानं, सगळ्यांसमोर, आयुष्यभरासाठी म्हटलेलं असावं. शब्द द्यायच्या आधी शरीर दिलं की मन अडकतं आणि मग त्याच्यातल्या खटकणाऱ्या गोष्टी दिसेनाशा होतात, हे मी बऱ्याच मुलींच्या बाबतीत बघितलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

प्रॅक्टिकल सांगू? हात धरणं, मिठी, यासाठी टेबल करून देता येत नाही, पण ज्या गोष्टीनंतर थांबणं अवघड जातं ती सुरूच करू नका. लोणावळ्याला रात्रीचा मुक्काम, रूममेट गावाला गेलेली असताना फ्लॅटवर, हे आधीच दोघांनी ठरवून टाळा, आणि हे सांभाळायची जबाबदारी त्याचीही तितकीच आहे, एकट्या तुझी नाही. प्रेम असेल तर इतकं तर करशीलच, असं तो म्हणत असेल तर तो दबाव आहे. फोटो मागत असेल तर कुठलाही पाठवू नको.

आधीच झालंय. आता मी चर्चमध्ये पांढरे कपडे घालून उभी राहू शकते का?

हो. पापनिवेदनाला (कन्फेशनला) जा. तिथे सांगितलेलं फादर कोणालाही, कधीही, कुठल्याही कारणानं सांगू शकत नाहीत, कॅनन लॉच्या ९८३ व्या कलमात तसं आहे आणि मोडलं तर चर्चची सगळ्यात कडक शिक्षा आहे. आपल्या पॅरिशमध्ये लाज वाटत असेल तर दुसरीकडे जा, कॅम्पात सेंट झेवियर्सला, क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला, कुठेही, कोणी विचारत नाही तू कुठून आलीस. क्षमा मिळाली की मिळाली, देव जुनी फाइल काढत नाही, मग तूही रोज काढू नको.

आणि जे झालं ते तुझ्या मनाविरुद्ध झालं असेल तर ते तुझं पाप नाहीच. त्यासाठी पापनिवेदन नको, त्यासाठी मदत हवी. विश्वासातल्या मोठ्या बाईला सांग, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, ११२ आहे.

व्हॅलेंटाईन डे साजरा करावा का?

संत व्हॅलेंटाईन हुतात्मा होता, १४ फेब्रुवारी त्याचा दिवस, १९६९ मध्ये रोमच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून तो काढला पण संत म्हणून आहेच. फूल घे, जेवायला जा. २०१८ आणि २०२४ मध्ये राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस) याच दिवशी आला होता, २०२९ मध्ये परत येणारे, तेव्हा मात्र केक-बिर्याणी आदल्या दिवशी उरका, त्या दिवशी मटण-चिकन नाही आणि १८ ते ५९ वयाला उपासही आहे. दोघांनी एकत्र कपाळावर राख घेणं ही काही कमी रोमँटिक गोष्ट नाही.

तो कॅथलिक नाहीये. लग्न होऊ शकतं का?

हा पुण्यातला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, आणि बहुतेक मुली घरी भांडण पेटल्यावर विचारतात. आधी विचारा.

तो प्रोटेस्टंट असेल, स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेला, तर बिशपांची परवानगी लागते आणि लग्न संस्कार मानलं जातं. तो हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन, म्हणजे स्नानसंस्कार न झालेला असेल तर नुसती परवानगी पुरत नाही, कॅनन १०८६ प्रमाणे बिशपांकडून सूट घ्यावी लागते, ती नसेल तर चर्चच्या दृष्टीनं लग्नच झालं नाही. ती सूट मिळते, अर्ज फादरच पाठवतात. तुला सांगावं लागतं की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून स्नानसंस्कार देण्यासाठी माझ्याकडून होईल ते सगळं करीन. त्याला काही सही करून धर्म बदलायचा नसतो, तुझं हे वचन त्याला माहीत असलं पाहिजे इतकंच. त्यामुळे धर्म बदल नाहीतर चर्च लग्न लावणार नाही असं जे कोणी सांगतं ते खरं नाही.

काही जणी घाईत रजिस्टर लग्न करून मोकळ्या होतात. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट १९५४ खाली तीस दिवसांची नोटीस देऊन होतं ते, कायद्यानं पूर्ण ग्राह्य, पण सूट न घेता फक्त तेवढंच केलं तर चर्चमध्ये ते धरलं जात नाही आणि ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. असं झालं असेल तर तोंड लपवून मिस्सा सोडू नको, नंतरही नीट करता येतं, फादरांशी बोल.

कागदं झाली. त्याहून अवघड बोलणं घरात बसून करायचंय. रविवारी मी मिस्सेला जाणार, तू अडवणार नाहीस ना? मुलांचं नाव काय, त्यांना प्रार्थना कोण शिकवणार? गणपतीत तुमच्या घरी मी काय करणार, आरतीला आदरानं उभी राहीन पण पूजा करणार नाही, हे तुझ्या आईला चालेल का? माझ्या घरी ख्रिसमसला तू येशील ना? नंतर बघू असं म्हणून लग्न करू नका. दोघंही एकमेकांच्या श्रद्धेचा मान ठेवून सुखानं राहणारी जोडपी आहेत, मला माहीत आहेत, आणि त्या सगळ्यांनी हे आधी बोलून घेतलेलं आहे.

मुलगा कॅथलिक आहे पण घरचे म्हणतात आपल्यातला नाही. म्हणजे?

म्हणजे जात. किंवा तो गोव्याचा, आपण वसईचे, किंवा तो नगरकडचा. हे बोलायला कोणाला आवडत नाही म्हणून मी बोलते. गलतीकरांच्या पत्रात ३:२८ ला ख्रिस्तात यहुदी-ग्रीक नाही, दास-स्वतंत्र नाही असं लिहिलंय, आणि एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेणारी माणसं स्थळ बघताना गावाचं नाव ऐकून आडनाव उलगडत बसतात, हे अन्याय आहे आणि पापही. घरच्यांशी शांतपणे बोल, फादरांना घरी बोलव, वेळ दे, पण मुलगा चांगला असेल तर या कारणासाठी सोडू नको.

एकोणतीस झाले, कोणी भेटला नाही, सगळे विचारतात.

वय झालं म्हणून हो म्हणू नको. रूथ परक्या गावात विधवा म्हणून आली आणि बवाज तिला शेतात काम करताना भेटला. जाळं थोडं मोठं टाक, शेजारच्या पॅरिशचे कार्यक्रम, कॅथलिक मॅट्रिमोनी साइट्स, मैत्रिणींची भावंडं. आणि तोवर आयुष्य अडवून ठेवू नको, शिक, फिर, घर घ्यायचं तर घे. सिस्टर व्हावंसं वाटत असेल तर तेही मोकळेपणानं बोल, पण लग्न जमत नाही म्हणून कॉन्व्हेंट, असं नको.

तो म्हणतो कॅथलिक मुलीनं असेच कपडे घालावेत, आणि मी काय घालते ते रोज फोटो पाठवून दाखवायचं.

हे थांबव. तो बायबलमधली वाक्यं म्हणत असला तरी थांबव. तुझी शालीनता तुझी आहे, ती तू देवासमोर ठरवलीस, त्याचा हिशोब कोणत्याही मुलाला रोज द्यायचा नसतो. आज कपडे, उद्या मैत्रिणी, परवा नोकरी आणि पगाराचं कार्ड, हे असंच पुढे जातं. इफिसकरांच्या पत्रातली पत्नीनं अधीन असावं ही ओवी त्यानं ऐकवली तर त्याला आधीची ५:२१ वाचायला दे, एकमेकांच्या अधीन असा, आणि पुढची ५:२५ पण, नवऱ्यानं ख्रिस्तासारखा जीव द्यावा ती. साखरपुडा झालाय, हॉल बुक झालाय, पत्रिका छापल्यात, तरीही मागे फिरता येतं. धाक दाखवून किंवा जबरदस्तीनं दिलेला होकार कॅनन ११०३ प्रमाणे होकारच नाही, म्हणून तर फादर लग्नाआधी दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात. त्या खोलीत खरं बोल.

लग्न ठरलं. चर्चमध्ये काय काय लागतं?

चार-सहा महिने आधी फादरांना भेटा, हॉलला ॲडव्हान्स द्यायच्या आधी, कारण सगळ्यांची उलटी सवय आहे आणि मग तारीख जुळत नाही. स्नानसंस्काराचा नवीन काढलेला दाखला लागतो, सहसा सहा महिन्यांच्या आतला, लहानपणीचा लॅमिनेट केलेला नाही, त्यामुळे गावाकडच्या पॅरिशला आधीच कळव. दृढीकरणाचा दाखला, वयाचा पुरावा, फोटो, विवाहपूर्व कोर्सचं सर्टिफिकेट. कोर्सच्या जागा लवकर भरतात. दोघांच्या पॅरिशमध्ये बॅन्स, म्हणजे लग्नाची जाहीर सूचना, वाचले जातात, मुलगा दुसऱ्या शहरात राहत असेल तर तिथूनही पत्र लागतं. गुड फ्रायडे आणि पवित्र शनिवारी लग्न लागत नाही, प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधी) आणि आगमनकाळात (ख्रिसमसआधी) बऱ्याच ठिकाणी टाळतात किंवा साधेपणानं लावतात. कायद्याच्या नोंदणीचं आणि मॅरेज सर्टिफिकेटचं पॅरिश ऑफिसमध्ये त्याच भेटीत विचारून घ्या, पासपोर्ट आणि व्हिसासाठी ते पुढे लागतंच, आणि नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळतंय का ते सही करायच्या आधी दोनदा वाचा.